टाकीतल्या पाणवनस्पतींना फुलं कशी आणायची?

पाणकणीस

घरच्या माशांच्या टाकीत झाडं जगवणं आता जमतंय. पानं तरारून येतात, दर छाटणीला काड्या वाटायला उरतात. पण फूल म्हणाल तर अनुबियसला मधूनच एखादं, बाकी सगळा शुकशुकाट. मध्यंतरी क्रिप्टोकोरिनच्या, म्हणजे क्रिप्टच्या, फुलांचे फोटो बघण्यात आले आणि तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

टाकीची कुंडली अशी: ९० सेंमी लांब, ४५ सेंमी उंच, पाणी साधारण १५० लिटर. एलईडी दिवा रोज ८ तास, सिलिंडरचा सीओटू (कार्बन डायऑक्साइड), तळाला पाणवनस्पतींची तयार माती म्हणजे अ‍ॅक्वा सॉइल. झाडं: क्रिप्ट वेंडटी, लांब पानांची क्रिप्ट बॅलन्से, अनुबियस नाना, अ‍ॅमेझॉन सोर्ड, व्हॅलिस, लाल टायगर लोटस, रोटाला, लुडविगिया. मासे मोजकेच आणि छोटे.

प्रश्न सरळ आहे. बागेतल्या झाडांना फुलं यावीत म्हणून फॉस्फरस जास्त असलेलं खत देतात. तेच पाण्यात चालेल का? की आणखी काही करावं लागतं?

शेवाळ्या

फॉस्फेट वाढवलं की शेवाळ येतं, ही भीती आधी मनातून काढा. उलट ते फार कमी पडलं तर काचेवर आणि अनुबियसच्या जुन्या पानांवर चिवट हिरवे ठिपके बसतात, नखाने खरवडले तरी निघत नाहीत. लिटरला १ ते २ मिलिग्रॅम असू द्या.

पण फुलांचं म्हणाल तर माझ्या टाकीत फॉस्फेटची कधी चणचण नव्हती, तरी रोटालाने पाण्याखाली एक कळी दाखवली नाही. खताच्या बाटलीत उत्तर नाही एवढं नक्की.

अनुस्वार

जागा पकडून ठेवते. माझ्याकडे फक्त मॉस आणि जावा फर्न आहे, त्यामुळे फुलांचा प्रश्नच येत नाही. :)

जुनी_टाकी

@अनुस्वार, बरोबर, मॉस आणि नेचे दोघंही बीजाणूंवाले, फुलायचे नाहीतच.

@पाणकणीस, खताआधी एक गोष्ट लक्षात घ्या. आपण ज्यांना पाणवनस्पती म्हणून विकत आणतो त्यातल्या बहुतेक मुळात काठावरच्या, दलदलीतल्या आहेत. पाणी चढलं की बुडतात, उतरलं की उघड्या पडतात. बुडालेल्या काळात त्या पातळ, मऊ पानं काढतात, धावते फुटवे सोडतात, म्हणजे आहे तेच झाड पसरत जातं. फूल, परागण, बी हा सगळा कारभार पाणी ओसरल्यावर, हवेत. पराग नेणारे किडे हवेत असतात, मग फूल पाण्याखाली काढून करायचं काय? आपल्या टाकीत पाणी बारा महिने काठोकाठ. झाडाच्या दृष्टीने पूर ओसरतच नाही, म्हणून ते पानं काढत बसतं.

तेव्हा हातात धरायचे दोर तीन: पाण्याची पातळी, दिवसाची लांबी आणि झाडाचं वय. खत पोटापुरतं हवं, तेवढं पडतंय ना एवढंच बघायचं.

यातही सगळी झाडं सारखी नाहीत. अनुबियस आणि बोर्निओहून आलेली बुसेफॅलँड्रा पाण्याखालीच फूल उघडतात. बार्कलाया लाँगिफोलियाची तऱ्हा आणखी न्यारी, तिची कळी पाण्याखाली बंदच राहते आणि आतल्या आत स्वपरागण होऊन बी धरते. व्हॅलिस, अ‍ॅपोनोगेटॉन, टायगर लोटस, कॅबोम्बा यांची पानं किंवा देठ पाण्यात, पण फूल पृष्ठभागावर आणतात. आणि रोटाला, लुडविगिया, बहुतेक क्रिप्ट यांना टाकीत मनासारखं फुलवणं अवघड, त्यांना पाण्याबाहेर काढावं लागतं. तुमच्या यादीत तिन्ही प्रकारचे लोक आहेत, त्यामुळे एकाच उपायाने सगळे फुलणार नाहीत.

पाणकणीस

काका, हे असं कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे सीओटू, दिवा, खत हे सगळं जितकं उत्तम ठेवीन तितकं झाड पानांतच रमणार?

जुनी_टाकी

अगदी असं नाही. उपाशी झाडाला फूल काढायला जोरच नसतो. पण चांगली पोसलेली क्रिप्ट अर्धा मीटर पाण्याखाली वर्षानुवर्षं नुसती पसरत राहील, आणि तिचंच पिल्लू ओल्या मातीच्या कुंडीत झाकणाखाली फुलेल.

कोरडवाहू

माझ्या टाकीत व्हॅलिसच्या बुडातून एक बारीक दोरा निघून सरळ वर पाण्यावर आलाय. टोकाला अगदी बारीक पांढरट काहीतरी. हे फूल आहे का रोग?

तळ्याकाठी

फूलच आहे, आणि मादी फूल आहे. अभिनंदन! व्हॅलिसमध्ये नर आणि मादी झाडं वेगळी असतात. या झाडाचा संसार वाचण्यासारखा आहे म्हणून जरा लांबण लावते.

मादी झाड लांबलचक देठावर एकेक फूल पृष्ठभागापर्यंत नेतं. फूल मेणचट असतं, भिजत नाही, त्यामुळे त्याच्या भाराने पाण्याच्या पृष्ठभागाला तिथे हलकासा खळगा पडतो. नर झाडाची फुलं बुडाशी, एका आवरणात, शेकड्यांनी. आवरण फुटलं की ती कळ्यांच्या रूपात झाडापासून तुटतात आणि बुडबुड्यासारखी वर येतात. वर आल्यावर उघडतात, पाकळ्या मागे वळतात आणि त्या वळलेल्या पाकळ्यांवर उभी राहून पाण्यावर फिरत राहतात. वाऱ्याने, प्रवाहाने एखादं मादी फुलाजवळ आलं की खळग्यात घसरतं आणि पराग लागतो. ना किडा, ना मधमाशी. परागण झालं की मादी फुलाचा देठ स्प्रिंगसारखा वळत आखडतो आणि फळ पाण्याखाली ओढून घेतो. हायड्रिलाचंही बरंचसं असंच, नर फुलं सुटून वर तरंगतात.

टाकीत मात्र सहसा फळ धरत नाही. कारण आपल्याकडची सगळी व्हॅलिस एकाच झाडाच्या धावत्या फुटव्यांतून वाढलेली, म्हणजे सगळी एकाच लिंगाची. फूल तेवढं बघायचं. आणि फिल्टरच्या तोंडाचं पाणी पृष्ठभागावर फार खळबळ करत असेल तर ते थोडं खाली वळवा, नाहीतर हा नाजूक दोरा सतत बुडत राहील.

कोरडवाहू

ताई, मी तो दोरा कापणार होतो! पहिल्यापासून वाटत होतं मुळी चुकून वर आली. आता राहू देतो. टॉर्च घेऊन बघितलं, खरंच फुलाभोवती खळगा दिसतो.

शेवाळ्या

वाचनखूण साठवली. खळग्याची गोष्ट भारीच.

आता वादाचा विषय काढतो. अनुबियसला फूल येतं ते झाड खूश असल्यामुळे, की मरायला टेकल्यामुळे? ओळखीच्या दोघा-तिघांनी छातीठोकपणे सांगितलंय की त्रासात असलेलं झाडच फुलतं, म्हणून फूल दिसलं की ते ताबडतोब खुडतात.

दुपारची_शिफ्ट

+१, मीही हेच ऐकलंय. शेवटची धडपड म्हणून फूल काढतं म्हणे.

जुनी_टाकी

एकदाच बी धरून मरणाऱ्या झाडांचा नियम बारमाही अनुबियसला लावला की हे असं होतं. अनुबियस पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या ओढ्यांकाठचं, आडव्या खोडाने सरपटत, अतिशय संथ वाढणारं झाड. खोडात साठा झाला की फूल काढतं, पुढे पान काढतं, परत कधीतरी फूल. माझ्याकडची जी गड्डी सर्वांत जास्त फुलते तीच सर्वांत दांडगी आहे. बदल झाल्यावर, म्हणजे जागा हलवली किंवा पाण्याबाहेरून पाण्यात आणलं की फुलतं हेही पाहिलंय, पण बदल म्हणजे मरण नव्हे.

फूल खुडायचं का? बी हवं नसेल तर जुनं झाल्यावर खुडा. पाण्याखालचं अनुबियसचं फूल कित्येक आठवडे टिकतं, पण नंतर पांढरा दांडा बुळबुळीत होतो आणि त्यावर बुरशी धरते. तोवर बघून घ्या. खोड मात्र मातीत गाडू नका, दगडाला किंवा लाकडाला बांधा, गाडलं की कुजतं. फुलाच्या चर्चेपेक्षा अनुबियस मारणारी ही सवय जास्त घातक.

तळ्याकाठी

काकांशी सहमत. पुस्ती जोडते: अनुबियस, क्रिप्ट, बुसेफॅलँड्रा, लॅजेनँड्रा ही सगळी अळूच्या कुळातली. छाटताना चीक हाताला लागला तर खाज येते, कारण कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया. हात धुवा, डोळ्याला लावू नका. लॅजेनँड्रा टॉक्सिकारिया या नावातच विष आहे, बाकी काही सांगायला नको.

पाणकणीस

मस्त माहिती मिळतेय. आता सोर्ड आणि टायगर लोटसचं सांगा. दोन्ही टाकीतच फुलवता येतील असं दिसतंय.

दुपारची_शिफ्ट

टायगर लोटसला माझ्याकडे फुलं येतात, म्हणून यावर अधिकारवाणीने बोलतो.

लोक या झाडाची वर जाणारी पानं कापत राहतात, कारण त्यांना तळाशी लाल झुडूप हवं असतं. ते ठीक आहे, पण तरंगती पानं नाहीत तोवर कळी नाही. कापणं थांबवा. पहिल्या पानांचे देठ भराभर लांबतात आणि पानं पृष्ठभागावर पसरतात. पुरेशी तरंगती पानं झाली, गड्डा पोसलेला असला, मुळाशी खताची गोळी असली की कळी येते. फूल रात्री उघडतं आणि सकाळी मिटतं, असं काही रात्री चालतं. त्यामुळे दिवा बंद झाल्यावर बघायला जावं लागतं. टाकीला काचेचं झाकण असेल तर ते काढा, फूल पाण्याच्या वर येतं आणि काचेला टेकून कुजतं.

तोटाही ऐका. तरंगती पानं वरून सगळा उजेड खातात. खालच्या रोटालाचे बुंधे उघडे पडतात, लाल झाडं हिरवट होतात. म्हणून मी लोटसला एका कोपऱ्यात ठेवलंय आणि पानं एका बाजूला सरकवून दोऱ्याने अडवतो.

जुनी_टाकी

सोर्डचा दोर म्हणजे दिवस. इकायनोडोरसच्या, म्हणजे सोर्डच्या गणातल्या, बऱ्याच जाती दिवस १२ तासांहून लांब झाला की फुलदांडा काढतात. कॉर्डिफोलियससारख्या जातीत तर दिवस लांबला की पाण्याखालची पानं सोडून पाण्याबाहेरची जाड पानं सुरू होतात. तुमचा दिवा ८ तास, म्हणून सोर्ड गप्प असावी.

आता लगेच दिवा १३ तास करू नका, शेवाळ्या पुढच्या आठवड्यात तुमच्या घरी मुक्कामाला येईल. फुलशेतीत दिवस लांबवायला अगदी मंद दिवे लावतात, कारण झाडाला दिवस किती तास आहे एवढंच कळवायचं असतं, जेवण द्यायचं नसतं. तोच विचार इथे करून बघा: मुख्य दिवा ८ तासच, आधी आणि नंतर मंद दिवा. सीओटू मुख्य दिव्याबरोबरच चालू-बंद. रात्री सीओटू चालू ठेवायचा नाही, झाडं तेव्हा तो घेत नाहीत आणि मासे वर येऊन धापा टाकतात.

दांडा आला की त्यावर फुलांच्या शेजारीच छोटी रोपं फुटतात. दांडा पाण्यात दाबून ठेवलात तर फुलांऐवजी रोपंच जास्त मिळतात. फूल हवं असेल तर वर जाऊ द्या, तीन पांढऱ्या पाकळ्या, साधं पण देखणं. सोर्ड मुळातून खादाड आहे, बुडाशी खताच्या गोळ्या पाहिजेतच.

शेवाळ्या

मी मुक्कामाला येईन पण एकटा नाही, काळं ब्रश शेवाळ बरोबर आणेन. ते सीओटू कमी-जास्त होत राहिला की येतं, तेव्हा वेळापत्रक बदलताना गॅसवर लक्ष ठेवा. ड्रॉप चेकर (पाण्यातला सीओटू रंगाने दाखवणारी कुपी) हिरवा, म्हणजे लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आसपास.

अनुस्वार

पहिलं फूल पाहायचं असेल तर सर्वांत सोपं झाड कोणतं? माझ्याकडे सीओटू नाही, दिवा साधा आहे.

तळ्याकाठी

अ‍ॅपोनोगेटॉन क्रिस्पस. कंद आणायचा, वाळूत अर्धा दाबायचा, शेंडा वर. कंद स्वतःचा डबा घेऊन आलेला असतो, त्यामुळे सुरुवातीला तुझ्या खताची वाटही बघत नाही. लहरी कडांची पानं येतात आणि झाड जोमात असलं की फुलाचा दांडा वर येतो, टोकाला बारीक पांढऱ्या फुलांचा तुरा. मऊ कुंचला तुऱ्यावरून रोज फिरव, बी धरलं तर काही वेळ तरंगून बुडेल, लगेच गोळा कर नाहीतर फिल्टर खाईल. नंतर कधीतरी पानं झडून कंद विश्रांतीला गेला तर मेला म्हणून फेकू नकोस.

याच गणातली एक जात म्हणजे कासच्या पठारावरचा वायतुरा, ज्याच्या तुऱ्याला दोन फाटे असतात. ती फक्त सह्याद्रीच्या कातळांवर सापडते. तिथे जाऊन बघायची, कंद उपटून आणायचा नाही. हे न विचारता सांगतेय कारण अशा धाग्यावर कोणीतरी नेमकं तेच विचारतं.

कोरडवाहू

मीच विचारणार होतो. :( बरं, नाही विचारत.

पाणकणीस

आता मूळ दुखण्यावर या. क्रिप्ट!

जुनी_टाकी

बसा निवांत.

क्रिप्टचं फूल म्हणजे एक लांब नळी. खाली बुडाशी फुगीर पोकळी, तिच्यात तळाला मादी फुलांचं कडं आणि वर त्याच दांड्यावर नर फुलं. नळीच्या टोकाला उघडलेला भाग, जातीजातीत रंग वेगळा: पिवळा, जांभळा, तपकिरी, कुठे खरखरीत, कुठे शेपटीसारखा लांब. सिलिएटा या जातीत कडेला केसांची झालर, आणि ती जात भरती-ओहोटीच्या मचूळ पाण्यातही वाढते. बारीक माश्या वासाने आत शिरतात आणि पोकळीत अडकतात. आधी मादी फुलं तयार असतात, नंतर नर फुलं पराग सोडतात, मग वाट मोकळी होते आणि पराग अंगावर घेऊन माशी पुढच्या फुलाकडे. पानं बघून क्रिप्टची जात ओळखणं बेभरवशाचं, एकच जात पाण्यात हिरवी अन् बाहेर तपकिरी दिसते. फूल दिसलं की बरेच वाद मिटतात. म्हणून क्रिप्टवाले फुलासाठी एवढे झुरतात.

नळी पाण्याबाहेर तोंड काढायला धडपडते, पण ४५ सेंमी पाणी वेंडटीच्या आवाक्याबाहेर. म्हणून डबा.

पारदर्शक झाकणाचा खोल डबा घ्या. छोट्या कुंड्यांत तुमचीच जुनी अ‍ॅक्वा सॉइल आणि थोडी वाळू. वेंडटीची चांगल्या मुळांची रोपं टाकीतून काढून लावा. डब्यात पाणी कुंडीच्या मातीला जेमतेम टेकेल इतकंच. तापमान २४ ते २८ अंश. दिवा मंद चालतो, थेट ऊन नको. पाण्याखालची पानं वितळतील, घाबरू नका, गड्डा टणक आहे ना बघा. नवी पानं येतील ती आखूड आणि जाडसर. मग झाकण रोज थोडं जास्त उघडं ठेवत जा, हवेची सवय होते.

इथे सीओटूची गरज नाही. वायू पाण्यात हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतो, म्हणून टाकीत सिलिंडर लागतो. हवेत पान मोकळं झालं की हा प्रश्नच संपला.

दुपारची_शिफ्ट

आणि बॅलन्से? तिची पानं तर फूटभराहून लांब.

जुनी_टाकी

तिला पहिल्यांदाच हात घालू नका. ती आणि आपल्या नद्यांमधली रेट्रोस्पायरॅलिस, दोघी वाहत्या पाण्यातल्या, पावसाळ्यात बुडणाऱ्या आणि पाणी उतरल्यावर फुलणाऱ्या. उंच कुंडी लागते, आणि पाणी टप्प्याटप्प्याने खाली आणावं लागतं. आधी वेंडटी. श्रीलंकेची आहे, सोशिक आहे, डब्यात सहसा नाही म्हणत नाही.

अनुस्वार

डब्यात खत कसं द्यायचं? आणि एक वेगळाच प्रश्न, पोटॅशियम नायट्रेटचा हिशेब कोणी सांगेल का, दर वेळी अंदाजाने टाकते.

शेवाळ्या

१०० लिटरला १ ग्रॅम टाकलं की नायट्रेट लिटरला ६ मिलिग्रॅमने वाढतं. याच हिशेबाने पुढे. डब्यात मात्र हात आखडता घ्या, तिथे दर आठवड्याला पाणी बदलून क्षार काढले जात नाहीत. पाण्यात द्यायच्या खताचं अगदी पातळ द्रावण, तेही अधूनमधून. पानांच्या कडा करपल्या तर साध्या पाण्याने कुंडी धुवून काढा.

तळ्याकाठी

डब्यात मावा आणि रस शोषणारे कोळी येतात, रोज एक नजर टाका. टाकीतल्या माशांचा तिथे काही उपयोग नाही, आणि कीटकनाशक मारलेली झाडं परत टाकीत गेली तर कोळंबी मरते. मावा दिसला की पूर्ण झाड दिवसभर पाण्यात बुडवून ठेवायचं. पाणवनस्पती असल्याचा हा एक फायदा.

रोटालाच्या काड्याही त्याच डब्यात खोचा. पाण्याबाहेर पानं गोल होतात आणि शेंड्याला गुलाबी तुरे येतात. क्रिप्टची वाट बघताना मन रमेल.

पाणकणीस

ठरलं तर मग. वेंडटीची काही रोपं आणि रोटाला डब्यात, सोर्डला मंद दिवा, लोटसची पानं कापणं बंद. बॅलन्सेला सध्या हात लावत नाही. हे सगळं या रविवारी उरकतो.

जुनी_टाकी

सगळं एकाच रविवारी नको. लोटसची पानं वर आली की टाकीतला उजेड बदलणार, त्याच वेळी दिव्याची वेळही बदललीत तर सोर्ड कशामुळे बिघडली किंवा फुलली ते कळणार नाही. डबा आज करा, त्याचा टाकीशी संबंध नाही. सोर्डचा दिवा नंतर. लोटस सर्वांत शेवटी.

दुपारची_शिफ्ट

डब्याचं झाकण थोडं तिरकं बसेल असं बघा. आतून जमलेलं पाणी सपाट झाकणावरून थेंबाथेंबाने नेमकं मधल्या कुंडीत पडतं, आणि नळीत पाणी शिरलं की क्रिप्टचं फूल उघडण्याआधीच सडतं. एका बाजूला काडी सरकवली तरी पुरतं.